दोनशे तासांच्या वैमानिकाने पहिले काम कसे मिळवावे

कमर्शियल लायसन्स हाती आले, लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, दोनशे तास जेमतेम भरले आणि एअरलाइनची भरती मात्र थंडावलेली आहे, अशा टप्प्यावर अडकलेल्यांसाठी हे लिहीत आहे. क्लास वन मेडिकल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता), आरटीआर (रेडिओवर बोलण्याचा परवाना) आणि ई-लॉगबुकातील नोंदी चालू स्थितीत आहेत, असे मी गृहीत धरतो. यांपैकी काही लटकलेले असेल, तर आधी ते उरकावे. बायोडेटा एका पानाचा असावा आणि त्यात तासांचा तक्ता सर्वांत वर असावा.

सर्वप्रथम एक सल्ला डोक्यातून काढून टाका. 'टाइप रेटिंग करून ठेव, नोकरी मागोमाग येईल' असे सांगणारे नातेवाईक आणि दलाल पुष्कळ भेटतात. टाइप रेटिंग म्हणजे एका ठरावीक प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता. हातात कोणाचेही बोलावणे नसताना स्वतःच्या खिशातले लाखो रुपये ए-३२० सारख्या विमानाच्या रेटिंगवर घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या वाट्याला ए-३२०, ७३७ की एटीआर येणार, हे भरती करणारा ठरवतो. शिवाय सिम्युलेटरमधून उतरल्यावर वर्षभर घरी बसलेल्याचा हात गंजलेला आहे, हे चाचणीच्या पहिल्या दहा मिनिटांत कळते. विमाने भाड्याने देणाऱ्या चार्टर कंपन्यांत उजव्या खुर्चीची, म्हणजे सहवैमानिकाची, जागा क्वचित निघते. ती मिळत असेल तर जरूर घ्यावी, पण ते तास लॉगबुकात कोणत्या रकान्यात जाणार, हे रुजू होण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

उरतो तो खात्रीचा मार्ग, म्हणजे असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर होणे. शिकवताना उडवलेले तास पायलट-इन-कमांड (विमानाचा प्रमुख वैमानिक) म्हणून धरले जातात आणि पुढे एअरलाइन ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी लागणाऱ्या १५०० तासांत जमा होतात. या इन्स्ट्रक्टर रेटिंगचा अभ्यासक्रम आणि परीक्षा यांत अवघड असे फारसे नाही. अवघड आहे ते उड्डाण शिकवणारी संस्था निवडणे, आणि मी नेमका तिथेच फसलो.

एका संस्थेने मला सांगितले होते, 'रेटिंग आमच्याकडे करा, लगेच इथेच कामाला लागा.' मी पैसे भरले, रेटिंग पूर्ण केले आणि मग उत्तर मिळाले की सध्या जागा नाही. पुढचे सात महिने मी तिथल्या ब्रीफिंग रूममध्ये विनावेतन ग्राउंड क्लास घेत बसलो आणि त्या काळात एकूण अकरा तास उडवले. दोष केवळ त्यांचा नव्हता. हँगरमध्ये सहा विमाने दिसली, एवढ्यावरच मी हुरळलो होतो.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी संस्थेच्या तळावर स्वतः जावे आणि किमान दोन दिवस पहाटेपासून दुपारपर्यंत तिथे बसून मोजणी करावी. उभी विमाने मोजू नयेत, उडणारी मोजावीत. एखादे विमान स्नॅगसाठी, म्हणजे किरकोळ बिघाडासाठी, थांबले आहे की इंजिनाच्या प्रतीक्षेत धूळ खात पडले आहे, हे टायर आणि कॉकपिटची काच पाहिली तरी समजते. समजा, सहापैकी तीन विमाने उडतात आणि प्रत्येकाचे दिवसाला पाच तास भरतात, तर एकूण पंधरा तास झाले. विद्यार्थ्याच्या दोनशे तासांपैकी शंभर त्याने स्वतः कमांडमध्ये उडवायचे असतात, म्हणजे सुमारे निम्मे उड्डाण इन्स्ट्रक्टरविना होते. उरलेले साडेसात तास पाच इन्स्ट्रक्टरांत वाटले, तर दिवसाला दीड तास मिळतो आणि महिन्यात वीस दिवस हवामान चांगले असल्यास तीस तास जमतात. प्रत्यक्षात ज्येष्ठ मंडळी आपला वाटा आधी उचलतात, त्यामुळे नवख्याने या आकड्याच्याही निम्मे धरून चालावे. हा हिशेब कोणतेही माहितीपत्रक देत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. असिस्टंट इन्स्ट्रक्टरला पूर्ण रेटिंग असलेल्या इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवावे लागते आणि विद्यार्थ्याला पहिल्या सोलोसाठी (एकट्याने उडण्यासाठी) सोडण्याचा अधिकार त्याला नसतो. तळावर असा एकच इन्स्ट्रक्टर असेल आणि तो रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला, तर आपलेही उड्डाण थांबते. त्यामुळे असे किती जण आहेत आणि ते किती काळ टिकतात, हे ऑफिसात न विचारता विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर विचारावे.

तिसरी गोष्ट पावसाची. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया यांपैकी कुठेही जून ते सप्टेंबर या काळात तास घटतात. मात्र पर्जन्यछायेतली बारामती आणि झडीचे गोंदिया यांना एकाच मापाने मोजू नये. उत्तरेकडील संस्थांत हाच प्रश्न डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याचा असतो. माझ्या मते पाऊस ओसरण्याच्या सुमारास, सप्टेंबरमध्येच, दारात उभे राहावे. ईमेलवर विसंबू नये; चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरला सकाळच्या सॉर्टी (उड्डाणाच्या फेऱ्या) संपल्यावर प्रत्यक्ष भेटावे. रेटिंगनंतरच्या नेमणुकीचे आश्वासन मिळाले, तर ते पगार आणि मुदतीसह लेटरहेडवर मागावे. 'आमच्यावर विश्वास नाही का?' असा प्रश्न आला, तर तेच उत्तर समजून परतीची एसटी पकडावी.

निवडीच्या उड्डाणात इन्स्ट्रक्टरच्या उजव्या खुर्चीतून सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) करावे लागते आणि इथे चांगले चांगले घसरतात. सेसना १७२ मध्ये उजवीकडे बसून स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोपी) धावपट्टीच्या मध्यरेषेवर धरला, तर विमानाचे नाक प्रत्यक्षात उजवीकडे वळलेले असते. डाव्या वळणात नाक खाली गेल्यासारखे भासते, हात नकळत योक (सुकाणूची मूठ) ओढतो आणि उंची वाढते. यावर उपाय म्हणजे आपल्या डोळ्यांच्या अगदी समोर काउलिंगवरचा (इंजिनाच्या आवरणावरचा) एखादा रिव्हेट ठरवून घेणे आणि तोच संदर्भ धरणे. थ्रॉटल आता डाव्या हातात असतो, याची सवय जमिनीवर बंद विमानात बसून, तोंडाने पॅटर (शिकवताना बोलायचे ठरावीक वर्णन) म्हणत करावी.

रुजू झाल्यावर त्या दिवसाचे तास त्याच संध्याकाळी लिहून, टेक लॉगशी, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीशी, पडताळून सही घ्यावी. २०११ मध्ये बनावट कागदपत्रांवर मिळवलेले परवाने उघडकीस आल्यापासून लॉगबुकाकडे संशयाने पाहिले जाते. एअरलाइनच्या मुलाखतीत कोणतेही पान उघडून, त्या दिवशी कोणते विमान होते आणि शेजारी कोण बसले होते, असे विचारले जाऊ शकते.