केमोत ‘एवढं चालायचंच’? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत केमो घेणाऱ्याभोवती सल्लागारांची वाण नसते. रामबागेतली मावशी असो की सुदामानगरातले काका, म्हणणं एकच: “केमो आहे, एवढं चालायचंच.” केस गळणं, मळमळ, थकवा यांच्यापुरतं ते खरं. पण क्वचित होणारे घातक त्रासही याच खात्यात जातात.

सर्वाधिक गाफीलपणा कॅपेसिटाबिन या कॅन्सरवरच्या औषधाबाबत. सलाईन नाही, नुसती गोळी, म्हणून ती सौम्य वाटते. शरीरात तिचं ५-एफयू (५-फ्लुरोयुरासिल) हे केमोचं औषध बनतं आणि त्यानं क्वचित हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात. छातीत दुखलं की घरात ओवा-सोडा निघतो. तो ठेवा बाजूला. पुढची गोळी घेऊ नका, तडक इमर्जन्सी गाठा आणि औषधाचं नाव आपणहून सांगा. ईसीजी काढणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

शिवाय काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी एन्झाइम जन्मतःच कमी असतं. पहिल्याच चक्रात तोंड सोलून निघतं, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी कोसळतात. तेव्हा ‘कोर्स अर्धवट नको’ म्हणून गोळ्या रेटणं जिवावर बेततं. युरिडिन ट्रायअसिटेट हा उतारा आहे, पण तो शेवटच्या डोसपासून ९६ तासांच्या आत द्यावा लागतो. उपचाराआधीच डीपीवायडी चाचणीबद्दल (या एन्झाइमच्या जनुकाची तपासणी) विचारा. (बँकेच्या यंत्रावर अंगठा उमटेनासा होणं हाही याच गोळीचा प्रताप. त्याला घाबरू नका.)

ऑक्सॅलिप्लॅटिन हे सलाईनमधून दिलं जाणारं केमोचं औषध घेतल्यावर चार-पाच दिवस सराफ्यातली शिकंजी, कुल्फी बंद. थंडाव्यानं घसा आवळून श्वास अडकल्यासारखा होतो. तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळण्याचा सल्ला ५-एफयूच्या इंजेक्शनला लागू पडतो. सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर तोच अंगाशी येतो. अंगावर गांध्या उठल्या किंवा छातीत घरघर लागली, तर मात्र ती थंडीची करामत नव्हे, ॲलर्जी समजून दवाखान्यात धावा.

‘पाच-सहा वेळा काही झालं नाही, आता काय होणार?’ कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाची ॲलर्जी बहुधा त्यानंतरच उद्भवते. सलाईन चालू असताना तळहात खाजले, चेहरा लाल झाला तर लगेच सिस्टरला हाक मारा. संकोच नको.

आणि ताप. १००.४ फॅरनहाइट दिसला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता का होईना, निघा. औषधाचा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या सरकारी हेल्पलाइनवर रुग्णाच्या घरच्यांनाही नोंदवता येतो, पण ते नंतर.