मुलांना शिडाची होडी शिकवताना या चुका टाळा

मुंबई बंदरात सगळ्यात मोठी चूक होते ती वारा कुठून येतोय हे न बघण्याची. दुपारचा खारा वारा पश्चिम-वायव्येकडून येतो. गिरगाव चौपाटीवर तो होडीला किनाऱ्याकडे आणतो. गेटवेला मात्र तोच वारा शहरावरून येतो आणि होडीला बाहेर काढतो. धक्क्याजवळ इमारतींच्या आडोशाला पाणी ताटासारखं सपाट दिसतं, मुलं खुशीत निघतात, आणि आडोसा संपला की शीड एकदम फुगतं. धक्क्यावर उभं राहून वाऱ्याचा अंदाज घेऊच नका. आधी सेफ्टी बोट, म्हणजे मदतीची मोटरबोट, घेऊन बाहेर जाऊन या.

त्यात ओहोटीची भर. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास असते; तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशोब (पंधराची पाऊणपट सव्वाअकरा) इथे जवळपास बसतो. म्हणजे उधाणाच्या दिवशी तीनच्या सुमाराला ओहोटीची ओढ सर्वांत जास्त आणि वाराही भरात. ऑप्टिमिस्टमध्ये, म्हणजे मुलांच्या छोट्या शिडाच्या होडीत, एकटं बसलेलं अकरा-बारा वर्षांचं मूल या दोघांशी झुंजून परत येऊ शकत नाही. नवशिक्यांना त्या दिवशी सकाळी, पाणी चढत असतानाच न्या.

लाइफ जॅकेट घातलं म्हणजे झालं, असं नाही. एका मुलीचं जॅकेट मी खांद्यांना धरून वर उचललं, तर ते थेट कानांपर्यंत आलं. बकल लावलेलं होतं, पण पट्टे मोठ्या भावाच्या मापाचे. प्रत्येक मुलाचं जॅकेट असं उचलून बघा. वेळ लागतो, लागू दे.

होडी उलटली की पोहत किनारा गाठायचा मोह पोहता येणाऱ्यांनाच जास्त होतो. होडी सोडायची नाही, हे पहिल्याच दिवशी होडी मुद्दाम उलटवून शिकवा. आणि मदतीला जाणाऱ्याने आधी डोकी मोजावीत. एखादं मूल शिडाखाली असू शकतं. होडी नंतर सरळ करता येते.

सेफ्टी बोट चालवणाऱ्याने किल कॉर्ड (चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी दोरी) पायाला किंवा जॅकेटला अडकवलेलीच हवी, आणि मुलाला वर ओढण्याआधी इंजिन बंद. एक मूल जरी दिसेनासं झालं, तर 'थोडं थांबून बघू' म्हणू नका. तटरक्षक दलाचा 1554 लगेच लावा.