जुन्या थकीत कर्जाची वसुली दारात आली तर काय करावे

कापसाचा चुकारा हाती येण्याचे दिवस आले की यवतमाळ, वाशीमकडच्या गावांत दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कर्जाचे कागद घेऊन अनोळखी माणसे फिरू लागतात. कर्ज कधी मोटारसायकलचे असते, कधी कृषी केंद्रातल्या उधारीचे, तर कधी वारलेल्या वडिलांच्या नावावरचे. पुष्कळदा मूळ कर्ज देणारी संस्था केव्हाच बाजूला झालेली असते आणि तिच्याकडून येणे विकत घेतलेली दुसरीच कंपनी पैसे मागत असते. अशा माणसाशी भांडू नये आणि त्याला घाबरूही नये. मात्र त्या दिवशी त्याच्यासमोर कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा करू नये, शंभर रुपयेही देऊ नयेत, नवा चेक देऊ नये आणि मोबाइलवर आलेला ओटीपी सांगू नये, कारण ओटीपी देऊनही आता कागदावर सही होते.

त्याच्याकडे ओळखपत्र आणि कर्ज देणाऱ्या संस्थेने दिलेले अधिकारपत्र मागावे. दोन्हींचा फोटो काढून घ्यावा, नाव, तारीख आणि वेळ वहीत टिपावी, आणि जे म्हणणे असेल ते पोस्टाने लेखी पाठवा, असे शांतपणे सांगावे. कर्ज विकले गेले असेल तर ते विकल्याचा कागद, मूळ करारनामा आणि पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा या तीन गोष्टी स्पीड पोस्टाने मागवाव्यात. त्या पत्रात “माझे कर्ज”, “माझी थकबाकी” असे शब्द चुकूनही लिहू नयेत. “आपण सांगत असलेले येणे मला मान्य नाही, कागद पाहिल्यावर उत्तर देईन” एवढेच लिहावे.

शब्दांची इतकी काळजी घ्यायची ती 1963 च्या मुदतीच्या कायद्यामुळे. उसने दिलेले किंवा विनातारण कर्जाचे पैसे वसूल करण्यासाठी दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. हप्त्याच्या कर्जात प्रत्येक हप्त्याची मुदत तो देय झाल्यापासून चालते, म्हणून शेवटचा हप्ता देय असल्याची तारीख धरून मोजणे सुरक्षित असते. मुदत संपण्याआधी कर्जदाराने सही करून येणे कबूल केले असेल, किंवा काही रक्कम भरून त्याची स्वतःच्या हातची वा सहीची नोंद दिली असेल, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. मुदत उलटून गेल्यावर साध्या कबुलीने किंवा किरकोळ भरण्याने ती परत उघडत नाही, परंतु 1872 च्या करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे सही केलेले लेखी वचन हा स्वतंत्र, पुरता बंधनकारक करार ठरतो. वसुलीवाला “निदान पाचशे तरी भरा आणि या फॉर्मवर सही करा” असा आग्रह धरतो तेव्हा त्याला पाचशेपेक्षा त्या फॉर्मवरच्या ओळीची गरज अधिक असते, हे मी असे अनेक फॉर्म वाचल्यानंतर ठामपणे सांगतो.

मोजताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. करोनाच्या काळामुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला आहे. समजा शेवटचा हप्ता 10 जून 2018 ला देय होता आणि त्यानंतर सही किंवा भरणा काहीच झाला नाही, तर मुदत 2021 ऐवजी 2023 च्या मे महिन्याच्या सुमारास संपते. वर्षे बोटांवर न मोजता कागदावरच्या तारखांवरून मोजावीत.

मुदत संपली म्हणजे कर्ज पुसले जात नाही, न्यायालयाच्या मार्गाने ते वसूल करण्याचा हक्क तेवढा संपतो. अडचणीच्या वर्षी शेजाऱ्याने किंवा मेव्हण्याने विश्वासाने दिलेले पैसे तीन वर्षे झाली म्हणून बुडवावेत, असे मी कोणालाही सांगणार नाही. पण ते स्वतः ठरवून फेडावेत, दारातल्या दमदाटीखाली सही करून नव्हे.

तीन वर्षांचा हिशेब सगळीकडे लागू पडत नाही आणि आपल्याकडच्या कास्तकारांची फसगत इथेच होते. जमीन किंवा घर गहाण ठेवले असेल तर गहाणावरच्या वसुलीची मुदत बारा वर्षांची असते, आणि न्यायालयाचा हुकूमनामा आधीच झाला असेल तर त्याच्या अंमलबजावणीलाही बारा वर्षे मिळतात. सेवा सहकारी सोसायटीचे पीक कर्ज तर वेगळ्याच वाटेने जाते, कारण सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 92 प्रमाणे सभासदाकडील येण्याच्या वादाची मुदत तो मरण पावल्याच्या किंवा त्याचे सभासदत्व संपल्याच्या दिवसापासून मोजतात, आणि कलम 101 खाली सोसायटीला सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला, म्हणजे दिवाणी दावा न लावता वसुली करण्याचा आदेश, मिळू शकतो. म्हणून सोसायटीचे कर्ज “जुने झाले, आता काही होत नाही” असे पारावर ऐकून सोडून देऊ नये. उलट 2008 ची केंद्राची कर्जमाफी, 2017 ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि 2019 ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांपैकी कशात ते खाते बसले होते का, हे गटसचिवाकडे किंवा बँकेत लेखी विचारावे. माफ झालेले किंवा फेडलेले कर्ज असूनही सातबाऱ्यावर बोजा तसाच राहिला असेल, तर बेबाकी दाखला, म्हणजे काही येणे उरले नाही असा दाखला, घेऊन तलाठ्याकडे तो कमी करण्याचा अर्ज द्यावा.

लोक अदालतीची नोटीस आली की घरात धसका बसतो. दावाच दाखल झालेला नसताना आलेली दाखलपूर्व प्रकरणाची नोटीस ही तडजोडीचे बोलावणे असते. तिथे न गेल्यास किंवा तडजोड नाकारल्यास लोक अदालत तुमच्याविरुद्ध निकाल देऊ शकत नाही. मात्र तिथे सही करून केलेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नाही. मुदत संपलेले कर्ज अशा सहीने पुन्हा जिवंत होते. तेव्हा जायचे असल्यास खातेउतारा आधी मिळवून आणि वकिलाला दाखवूनच जावे.

मागणारा खासगी सावकार असेल तर पहिला प्रश्न परवान्याचा. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमानुसार कर्ज देताना परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देत नाही आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. सावकाराने कर्जापोटी वावराचे खरेदीखत करून घेतले असेल, तर अर्जाच्या तारखेपासून मागच्या 15 वर्षांतले व्यवहार तपासून जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. त्यासाठीचा अर्ज तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात द्यावा.

वडिलांच्या कर्जाबद्दल लोक फार हळवे असतात आणि वसुलीवाले त्याचाच फायदा घेतात. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या वडिलांच्या मालमत्तेपुरतीच असते, तो स्वतःच्या मजुरीतून किंवा पगारातून कर्ज फेडायला बांधलेला नसतो. वारस म्हणून कागदावर सही मागितली तर ती मात्र स्वतःची जबाबदारी होऊ शकते.

छळ सोसत बसू नये. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला ही वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6 अशी आहे. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना त्रास या सर्वांना मनाई आहे. फोन रेकॉर्ड करावेत, कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी आणि 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याची माहिती 14448 वर मिळते. अंगावर येण्याची भाषा झाली तर 112 वर फोन करावा. कर्ज थकले एवढ्यावरून पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत, हे घरातल्या बाईमाणसांनाही आधीच सांगून ठेवावे, कारण वसुलीवाला बहुधा पुरुष माणूस वावरात असतानाच येतो.

न्यायालयाचे समन्स आले तर मात्र वरचे सगळे बाजूला ठेवून तारखेला हजर राहावे. मुदतबाह्य दावा न्यायालयाने स्वतःहून फेटाळायचा असतो हे खरे, पण कबुलीची जुनी सही खोटी आहे किंवा भरण्याची नोंद आपली नाही, हे सांगायला तिथे आपणच असावे लागते. वकील परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जावे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो, आणि चौकशीसाठी 15100 हा क्रमांक आहे. जाताना समन्स, ते ज्या पाकिटातून आले ते पाकीट, जुनी पासबुके आणि भेटींच्या नोंदींची वही सोबत न्यावी.