इजिप्तच्या सहलीत किनारा शेवटी ठेवावा
कैरो, लक्सर आणि तांबड्या समुद्रावरील हुरगाडा अशी मार्गदर्शकासह सहल निवडताना किनाऱ्यावरचा मुक्काम शेवटी आहे ना, हे आधी पाहावे. लक्सरहून हुरगाडा मोटारीने साधारण चार तासांवर आहे आणि अवशेष पाहून दमलेल्या पायांना तिथेच खरा विसावा मिळतो. लक्सरच्या ‘राजांच्या खोऱ्यात’, म्हणजे प्राचीन राजांच्या दफनभूमीत, सर्वसाधारण तिकिटावर तीनच थडगी पाहता येतात, तर १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागते, म्हणून सहलीच्या शुल्कात नेमके काय धरले आहे, हे लेखी विचारून घ्यावे. खोऱ्यात सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे पहाटे निघायला सांगितले तर कुरकुर करू नये. थडग्यात उतरल्यावरही गारवा नसतो, उलट कोंदट उकाडा जाणवतो. सुती कपडेच बरे.