जिगसॉ वाकडी कापते? मशीनला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

"मशीन बिघडलंय, सरळ कापतच नाही," असं म्हणत कुणी जिगसॉ, म्हणजे वरखाली होणाऱ्या उभ्या पात्याची विजेवरची करवत, पुढ्यात आणून ठेवली की मी आधी ब्लेड काढून उजेडात धरतो. बहुतेक वेळा दाते जळून काळे पडलेले असतात, पातं जरासं वाकलेलं असतं आणि मशीन ठणठणीत असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ढकलणं. जिगसॉचं ब्लेड वरच्या बाजूनेच पकडलेलं असतं. मागून एक छोटा रोलर टेकू देतो, पण लाकडात घुसलेलं खालचं टोक मोकळंच. तुम्ही जोर लावलात की ते टोक वाट मिळेल तिकडे पळतं. वरून बघाल तर काप अगदी रेघेवर, आणि खालून भलतीकडेच.

ओळखीतल्या एका उत्साही माणसाला 40 मिमी जाडीच्या फळीतून टेबलासाठी गोल कापायचा होता. मशीनमध्ये प्लायसाठीचं बारीक दात्यांचं ब्लेड होतं, तेच ठेवलं. संध्याकाळपर्यंत टेबल उभं करायचं होतं ना! बारीक दात्यांत भुसा अडकला, काप पुढे सरकेना, म्हणून याने छातीचा जोर लावला. लाकूड जळल्याचा वास यायला लागला तरी थांबला नाही. मग रेघ सुटतेय असं दिसल्यावर मशीनच पिळून वळवायला गेला आणि ब्लेड तुटलं. दुसरं लावलं, तेही तसंच बारीक. शेवटी गोल सुटला. वरून सुरेख. फळी उलटी केली तर खाली अंड्याचा आकार, एका जागी 6 मिमी आत शिरलेला, आणि कडेवर काळे पट्टे. पुढचे कित्येक दिवस गडी कानस घासत होता.

जाड लाकडाला इंचाला 6 दात्यांच्या आसपासचं, लांब, नवं ब्लेड लावा. लांबी बघताना फळीच्या जाडीत ब्लेडचा वरखाली होणारा प्रवास मिळवा, म्हणजे साधारण 20 ते 25 मिमी. ब्लेड वर गेल्यावरही टोक फळीच्या खाली राहिलं पाहिजे, नाहीतर ते लाकडात आपटतं आणि मशीन उड्या मारतं. मी रेघेच्या बाहेर दोनेक मिलिमीटर सोडून कापतो आणि उरलेलं कानशीने घेतो. हात खाली दाबायचा, पुढे रेटायचा नाही. मशीन स्वतःच्या चालीने जातं. कान मोटरवर ठेवा, आवाज जड झाला की हात सैल सोडा. आणि जाड फळीत सरळ काप हवा असेल तर मी जिगसॉ हातातच घेत नाही, ते काम सर्क्युलर सॉचं, म्हणजे गोल पात्याच्या करवतीचं.

पेंड्युलमचा, म्हणजे वरखाली होणारं ब्लेड किती पुढेमागे झुलावं ते ठरवणारा, खटका कायम 3 वर ठेवणारेही याच घाईच्या जातीचे. 3 वर ब्लेड पुढे झेपावत कापतं, काम भराभर होतं आणि कडा तितकीच खडबडीत होते. मऊ लाकडातल्या सरळ कापाला ते ठीक. बारीक वळणं, लॅमिनेट आणि धातू यांना 0.

लॅमिनेटचे टवके उडतात ही दुसरी कायमची तक्रार. नेहमीच्या ब्लेडचे दाते वर तोंड करून असतात, ते वर येताना कापतात, म्हणून टवके वरच्या अंगाला उडतात. मग आखणी उलट्या बाजूवर करा आणि चांगली बाजू खाली ठेवा, इतकं साधं आहे. बेसिनची जागा कापताना वगैरे वरूनच कापणं भाग असेल तर उलट्या दात्यांचं ब्लेड घ्या. ते मशीनला वर उचलायला बघतं, त्यामुळे घट्ट दाबून धरावं लागतं. रेघेवर चिकटपट्टी लावल्याने थोडा फरक पडतो, पण बोथट ब्लेडचं पाप चिकटपट्टीने झाकलं जात नाही. आतला तुकडा सुटायच्या आधी त्याला खालून फळीचा आधार द्या. तो स्वतःच्या वजनाने लोंबकळला की जाताजाता कोपऱ्याचा टवका घेऊन जातो.

आतला काप सुरू करायला 10-12 मिमीचं भोक पाडा. मशीन तिरकं धरून ब्लेड लाकडात खुपसायचे व्हिडिओ दिसायला झकास असतात. नवशिक्याच्या हातात ते ब्लेड पृष्ठभागावर नाचत सुटतं.

चालू ब्लेड कापातून वर काढू नका. बटण सोडा, थांबू द्या, मग उचला. ब्लेड बदलताना प्लग काढा, आणि नुकतंच कापून झालेलं ब्लेड चिमटीत धरू नका, चांगलाच चटका बसतो. फळीला क्लॅम्प लावा. खालून हाताने आधार देणाऱ्यांना बघूनच माझ्या पोटात गोळा येतो. चष्मा हवाच, एमडीएफ (लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेली फळी) असेल तर मास्कही. पत्र्याला इंचाला 21-24 दात्यांचं ब्लेड लावा, खाली टाकाऊ प्लाय ठेवा आणि वेग कमी करा. अॅक्रिलिकलाही वेग कमीच, नाहीतर ते वितळून ब्लेडच्या मागे पुन्हा चिकटतं.

देखभाल म्हणाल तर फार नाही. ब्लेडच्या पकडीतला भुसा ब्रशने काढा. रोलर बोटाने फिरतो का बघा, त्याला तेलाचा एकच थेंब. जास्त ओतलंत तर भुशाचा लगदा होतो. खालची प्लेट काटकोनात आहे का हे मी प्रत्येक मोठ्या कामाआधी गुण्या लावून तपासतो, तिच्यावरच्या अंशांच्या खुणांवर माझा विश्वास नाही. प्लेटवरून बोट फिरवा. बारीकसा काटा आलेला असेल तरी तो लॅमिनेटवर लांबलचक ओरखडा काढतो. मोटर अडखळायला लागली, ठिणग्या वाढल्या, तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरला आतून वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे, बघा आणि बदलताना दोन्ही बदला.

आणि बोथट ब्लेडं "कधीतरी लागतील" म्हणून नव्यांच्याच डब्यात परत टाकू नका. पुढच्या वेळी घाईत नेमकं तेच हाताला लागतं.