स्टोइक नीतिविचार : अभ्यास कोठून सुरू करावा आणि आचरणात कसा आणावा

प्राचीन ग्रीस-रोममधील स्टोइक तत्त्वज्ञानाकडे वळणारे बहुतेक वाचक मनःशांतीच्या शोधात असतात आणि हाती आलेल्या सुट्या वचनांवर समाधान मानतात. ही सुरुवात वाईट नसली तरी अपुरी आहे, कारण त्या वचनांमागचा नैतिक आग्रह सुटला की उरते ती केवळ स्वतःला त्रास होऊ न देण्याची युक्ती. म्हणून आधी या विचाराची घडण समजून घ्यावी, मग त्याचा गाभा, आणि त्यानंतरच रोजच्या सरावाला लागावे.

या पंथाचा संस्थापक झेनो सायप्रस बेटावरील किटिऑन नगरातला. जहाज फुटल्यानंतर तो अथेन्सला आला, एका पुस्तकविक्रेत्याकडे त्याला सॉक्रेटिसविषयीचे त्याचा शिष्य झेनोफोन याचे लेखन ऐकायला मिळाले, आणि अशी माणसे कोठे भेटतील असे त्याने विचारताच विक्रेत्याने समोरून जाणाऱ्या क्रेटीझ या सिनिक, म्हणजे संपत्ती आणि रूढी झुगारून साधेपणाने जगणाऱ्या पंथातल्या, तत्त्वज्ञाकडे बोट दाखवले, अशी कथा तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजेनिस लेर्शियसने नोंदवली आहे. कथेत रंग भरलेला असेलही, पण तिच्यातून दिसणारी वैचारिक वंशावळ खरी आहे: सॉक्रेटिसपासून सिनिकांकडे आणि तेथून झेनोकडे. इ.स.पू. ३०० च्या सुमारास झेनो अथेन्सच्या बाजारचौकालगतच्या चित्रांकित स्तंभमंडपात शिकवू लागला आणि त्या मंडपावरूनच पंथाला नाव मिळाले. त्याच्यानंतर क्लिआंथिस आणि मग क्रिसिपस यांनी पंथाची धुरा वाहिली. क्रिसिपसच्या नावावर सातशेहून अधिक ग्रंथ सांगितले जातात, पण त्यांपैकी एकही आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. त्यामुळे आपला अभ्यास मुख्यतः रोमन काळातील तिघांवर उभा राहतो: मुत्सद्दी आणि लेखक सेनेका, गुलामीत आयुष्याची सुरुवात झालेला एपिक्टेटस आणि सम्राट मार्कस ऑरेलियस.

वाचनाचा क्रम महत्त्वाचा आहे. मार्कसच्या चिंतनिकेपासून सुरुवात करण्याचा मोह टाळावा, कारण त्या बारा भागांतील नोंदी त्याने स्वतःसाठी लिहिल्या होत्या आणि सिद्धान्त आधीच ठाऊक आहे असे त्या गृहीत धरतात. त्याऐवजी एपिक्टेटसची छोटी हस्तपुस्तिका प्रथम घ्यावी. तीही त्याने स्वतः लिहिलेली नाही. त्याचा शिष्य एरियन याने गुरूच्या शिकवणीतून ती संकलित केली. मग एरियननेच नोंदवलेली आणि आज चार भागांत उरलेली प्रवचने, नंतर सेनेकाची ल्युसिलियस या मित्राला लिहिलेली १२४ पत्रे, आणि शेवटी मार्कस वाचावा.

नीतीचा गाभा एका विधानात मावतो, पण ते पचवायला वेळ लागतो: सद्गुण हेच एकमेव श्रेय आणि दुर्गुण हेच एकमेव अनिष्ट. आरोग्य, संपत्ती, कीर्ती या गोष्टी स्वतः चांगल्या किंवा वाईट नाहीत. तरीही त्यांत निवड करायची असते. आजारापेक्षा आरोग्य स्वाभाविकपणे स्वीकारार्ह आहे, मात्र त्यासाठी अन्याय करावा लागत असेल तर ते सोडले पाहिजे. स्टोइकांनी यासाठी धनुर्धराचा दृष्टान्त दिला. नेम साधण्यासाठी शक्य ते सारे करणे हे त्याचे काम. बाण लक्ष्यावर लागणे सर्वस्वी त्याच्या हाती नसते, आणि त्याच्या कर्तव्याचे मोल त्यावर ठरत नाही.

सद्गुणांचे चार मुख्य भेद म्हणजे विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. आजच्या लोकप्रिय मांडणीत संयमाला मोठी जागा मिळते आणि न्याय अडगळीत पडतो, हे मला या विचाराचे सर्वांत मोठे विकृतीकरण वाटते. हिरोक्लिस या स्टोइकाने माणसाभोवती वर्तुळांची मालिका कल्पिली होती: स्वतः, कुटुंब, नातलग, नगरवासी आणि अखेर सारी मानवजात, बाहेरच्या वर्तुळातील माणसांना आत ओढून घेणे हे त्याने कर्तव्य मानले. मर्यादाही लक्षात ठेवावी. गुलामांशी माणुसकीने वागा असे सेनेकाने आग्रहाने लिहिले, पण गुलामगिरीच नष्ट करा अशी मागणी त्याने केली नाही.

आता सरावाकडे वळू. एपिक्टेटस सांगतो की आपली मते, प्रेरणा, इच्छा आणि अनिच्छा आपल्या अधीन आहेत. शरीर, मालमत्ता, लौकिक आणि पदे नाहीत. सराव सुरू करायचा तो या भेदापासून. समजा, वरिष्ठाने चारचौघांत तुमच्या कामावर कठोर टीका केली. ‘माझा अपमान झाला, हे भयंकर आहे’ असा विचार मनात तत्काळ उमटतो. तो उमटणे आपल्या हाती नाही, त्याला संमती देणे मात्र आहे. म्हणून त्या विचाराला तेथेच थांबवून घडलेली गोष्ट विशेषणे वगळून मांडावी: ‘त्यांनी तीन त्रुटी दाखवल्या आणि त्यांचा आवाज चढलेला होता.’ मग पाहावे की त्रुटी खऱ्या आहेत का. असतील तर दुरुस्त कराव्यात. नसतील तर शांतपणे तसे सांगावे. टीका सहकाऱ्यावर अन्यायाने झाली असेल, तर ‘दुसऱ्याचे बोलणे माझ्या हाती नाही’ म्हणून गप्प बसणे हा पळपुटेपणा ठरेल, कारण आपले बोलणे आपल्या हाती आहे. एपिक्टेटसने प्रवचनात हेल्व्हिडियस प्रिस्कस या रोमन सिनेटरचे उदाहरण दिले आहे: सम्राट व्हेस्पेशियनने सिनेटमध्ये येऊ नकोस असे बजावले तेव्हा, मी सदस्य आहे तोवर येणे माझे काम आहे, असे त्याने उत्तर दिले.

भावना दडपणे हा या सरावाचा हेतू नाही. चुकीच्या निर्णयातून जन्मणाऱ्या भय, हाव, शोक आणि उन्मादी सुख या चार विकारांना स्टोइक विरोध करतात. सावधपणा, सदिच्छा आणि आनंद यांना ते शहाण्या माणसाच्या भावना मानतात. पहिली दचक किंवा डोळ्यांत आलेले पाणी यांना तर ते दोषच मानत नाहीत.

दिवसाला दोन सवयींची जोड द्यावी. सकाळी कोणत्या अडचणी संभवतात याची थोडक्यात कल्पना करावी, आणि त्या आल्या तर कोणता सद्गुण लागेल ते ठरवावे. काळजीची यादी वाढू लागली तर लगेच थांबावे. रात्री, सेनेकाने क्रोधावरील ग्रंथात वर्णन केल्याप्रमाणे, दिवसाचा हिशेब घ्यावा. स्वतःपासून काहीही न लपवता चुका पाहाव्यात आणि पुन्हा तसे न करण्याची सूचना देऊन स्वतःला क्षमा करावी. या हिशेबात ‘मी किती शांत राहिलो’ या प्रश्नाआधी ‘आज कोणाचे काय देणे होते आणि ते मी दिले का’ हा प्रश्न विचारावा.