ओके कुठून आला हे सांगताना या चुका टाळा

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. अमेरिकेच्या यादवी युद्धात ज्या दिवशी एकही सैनिक मेला नाही त्या दिवशी पाटीवर शून्य आणि त्यापुढे के लिहायचे, के म्हणजे किल्ड, आणि त्याचंच झालं ओके. सगळ्यांनी अंगठे दिले. गोष्ट भारी आहे पण खरी नाही, आणि हे कळायला भाषातज्ज्ञ असायची गरज नाही, नुसती तारीख बघायची. ते युद्ध सुरू झालं 1861 ला आणि ओके त्याच्या 22 वर्षं आधीच पेपरात छापून आलाय.

तर पहिली चूक हीच, शब्द सगळ्यात आधी कधी छापला गेला हे न बघता गोष्टीवर विश्वास ठेवणं.

ओकेची तारीख आहे 23 मार्च 1839, पेपर बॉस्टन मॉर्निंग पोस्ट. त्या काळात तिथल्या पेपरवाल्यांना आद्याक्षरांचं खूळ लागलं होतं आणि त्यातही मुद्दाम स्पेलिंग चुकवायचं, म्हणजे ऑल राइटचं ए आर न लिहिता ओ डब्ल्यू (oll wright). तसंच ऑल करेक्टचं ए सी न करता ओ के (oll korrect). 'सगळं बरोबर' हेच चुकीचं लिहायचं, सगळी मजा त्यातच होती! बाकीची असली आद्याक्षरं दोन-चार वर्षांत विरून गेली, हे एक टिकलं, आणि मला वाटतं खरी गोष्ट इथेच सुरू होते.

टिकलं ते राजकारणामुळे. 1840 च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन परत उभे होते, त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून समर्थक त्यांना ओल्ड किंडरहूक म्हणायला लागले आणि ओके क्लब निघाले. मग विरोधकांनी उलटा प्रचार केला की आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नव्हतं, तेच कागदांवर ओके खरडायचे. व्हॅन ब्यूरन हरले, शब्द मात्र देशभर झाला, पुढे तार खात्यातल्या लोकांनी 'संदेश मिळाला' या अर्थाने तो उचलला.

इथे दुसरी चूक होते, किंडरहूकलाच मूळ समजायचं. तो शब्द पसरण्याचं कारण आहे, जन्माचं नाही. आणि जॅक्सनची गोष्ट तर प्रचारातलीच थाप, ती आजही खरी म्हणून सांगितली जाते याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ॲलन वॉकर रीड नावाच्या अभ्यासकाने जुने पेपर चाळून 1963-64 मध्येच हे सगळं पुराव्यासकट मांडलंय.

तिसरी चूक म्हणजे उच्चार जुळला की नातं जोडायचं. अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांच्या भाषेत ओकेसारखा शब्द आहे, ग्रीकमध्ये 'ओला काला' म्हणजे सगळं छान. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तर चॉक्टॉवाली गोष्ट मानून 'ओकेह' असंच लिहायचे, म्हणजे मोठा माणूस म्हणाला हाही पुरावा नाही. तो शब्द तिथून 1839 च्या बॉस्टनला कसा पोचला ते कागदावर दाखवता यायला हवं.

आता अर्थाचं. ओके म्हणजे चांगलं असं धरून चालू नका. सुरुवातीला तो 'तपासलं, बरोबर आहे' असा शेरा होता, आपल्याकडे साहेबांनी फाइल ओके केली किंवा प्रेसमध्ये प्रूफ ओके झालं म्हणतात त्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. पण पिक्चर कसा होता विचारल्यावर 'ओके होता' म्हटलं की समोरचा तिकीट काढत नाही. 'ओके, चला निघूया' मधे तर मंजुरीही नाही आणि मतही नाही, फक्त बोलणं संपलं एवढंच. आणि बायकोने चार ओळींचा मेसेज पाठवला आणि तुम्ही नुसतं ओके टाकलं तर ती रागाने फोन करणार, तेव्हा निदान 'ओके गं, येताना आणतो' एवढं तरी लिहा.